दोन्ही तळव्यांत धरलेला कप

लोकमान्य नगर, इंदूर
रविवार, सकाळ

चि. मनूस आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र आलं म्हणून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. बाबा पोहे-जिलबी आणायला गेलेत. कोपऱ्यावर त्यांना कुणी ना कुणी भेटतंच, त्यामुळे माझ्या हाताशी निवांत पाऊण तास आहे. हे फोनवर बोलता आलं असतं म्हणशील. फोनवर तू "काही नाही गं आई" म्हणतेस, मी "बरं" म्हणते, आणि दोघीही खोटं बोलून फोन ठेवतो. कागदावर मला मध्येच तोडता येणार नाही तुला.

परवा व्हिडिओ कॉलवर तू चहा पीत होतीस. कप दोन्ही तळव्यांत धरला होतास, कपाच्या कानात बोट नव्हतं. बाबा म्हणाले, थंडी असेल. पुण्याला अशी काय थंडी पडते? सतरा वर्षं मी तसाच कप धरत आलेय, मला नको सांगू. आणि केस मोकळे होते. सहावीत असल्यापासून तू घरात केस मोकळे ठेवत नाहीस, मानेवर घाम येतो म्हणून चिडतेस. क्लिप दाबता येत नाहीये ना?

माझा अंदाज लिहिते. बाळाचा विचार करायचा म्हणून डॉक्टरांनी आपल्या दोघींच्या आमवातावरचं, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसवरचं, तुझं मेथोट्रेक्सेट बंद केलं, त्याजागी सल्फासॅलॅझिन सुरू केलं, आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड साडेसात मिलिग्रॅमवरून उतरवत चारावर आणलं. मधेच कुठेतरी दुखण्याने उचल खाल्ली. दोन आठवडे झाले असतील. तू डॉक्टरांना सांगितलं नाहीस, कारण सांगितलं तर ते "थांबा" म्हणतील आणि बाळ आणखी सहा महिने पुढे जाईल. चुकत असेन तर पत्र फाडून टाक. चुकत नसेन तर पुढे वाच. हे लपवणं मी स्वतः करून बसलेय, आणि तुला त्यातलं अर्धंच माहीत आहे.

२०१४ साल. तू बारावी होऊन पुण्याला इंजिनिअरिंगला निघायची होतीस. माझ्या आमवाताला सहा वर्षं झाली होती आणि वर्षभर सगळं शांत होतं. मार्चमध्ये डॉक्टर म्हणाले, आता स्टेरॉइड उतरवू या. पाच मिलिग्रॅमचं चार, मग महिन्याला एकेक खाली. मेथोट्रेक्सेटला हात लावायचा नाही, शनिवारी पंधरा मिलिग्रॅम चालूच. (शनिवारी मारुतीला तेल आणि आईला मेथोट्रेक्सेट, हे तुझंच वाक्य. अजून बाबा पाहुण्यांना ऐकवतात.)

पहिल्या दोन पायऱ्या छान उतरले आणि मला माज चढला. भिशीत सांगून टाकलं, माझी औषधं सुटतायत म्हणून. समोरच्या भाभी म्हणाल्या, "दीदी, आपने तो कमाल कर दिया, हमें भी बताओ क्या खाती हो." मी मेथीदाणे आणि प्राणायाम सांगितलं. दोन्ही मी करत होते, तेवढं खरं. पण गुण कशाचा आहे हे निदान जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईला तरी कळायला हवं होतं! मग वाटलं, स्टेरॉइड सुटतंय तर हेही सुटेल. मे महिन्यात कुणालाही न विचारता शनिवारच्या सहा गोळ्यांच्या तीन केल्या.

दोन महिने काहीही झालं नाही. हे नीट वाच, कारण फसगत इथेच होते. मेथोट्रेक्सेट सुरू केल्यावर गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि कमी केल्यावर त्याचा असरही तसाच हळूहळू ओसरतो, कारण ते पेशींमध्ये साठून राहिलेलं असतं. म्हणून डोस कमी केल्यावर पहिल्या महिन्यात जे बरं वाटतं ते जुन्या शिलकीवर. मी मात्र ती शिलक स्वतःची कमाई समजले.

जुलैच्या शेवटी तुझी बॅग भरताना चेन ओढता येईना. तेव्हा मी तुला म्हटलं, बॅग स्वस्तातली घेतलीस. त्यानंतर पाच महिने मी फक्त सबबी केल्या. कणीक मळवेना, तर या वेळचं दळण जाड आलंय. शाळेत हृदयाची आकृती काढताना डाव्या व्हेंट्रिकलपाशी खडू सुटला, तर हल्ली खडू चांगले येत नाहीत. सलवारीची नाडी सुटेना म्हणून आठवडाभर साड्या नेसले आणि स्टाफरूममध्ये म्हणाले, साडीचीच सवय बरी. बाबांना सगळं पटत गेलं. पुरुषांना दळणाबद्दल काहीही सांगितलं तरी पटतं.

त्यातच ओळखीच्या एका बाईंनी कुठूनशी करड्या रंगाची पुडी आणून दिली. जडीबुटी आहे म्हणाल्या. दोन दिवसांत सूज उतरली, बारा दिवस मी उड्या मारत होते, पुड्या संपल्या आणि सगळं दुपटीने परत आलं. पुढे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मॅडम, कोणती जडीबुटी दोन दिवसांत सूज उतरवते?" अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलंय. माझ्या पुडीत काय होतं ते मी कधी तपासलं नाही. पण पुढच्या दाराने मी एकेक मिलिग्रॅम मोजून बाहेर काढत होते आणि मागच्या दाराने किती आत येत होतं, कुणास ठाऊक.

डिसेंबरात एक्स-रे काढला. उजव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी हाड कुरतडलेलं दिसत होतं. तशी झीज झाली की हाड पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, कोणतं औषध कमी केल्यावर वाढलं? आणि मला सांगता येईना. दोन्ही एकदम कमी केलेली, वर ती पुडी. इतकी वर्षं मुलांना प्रयोगवहीत "एका वेळी एकच गोष्ट बदला" म्हणून लाल शेरे मारले होते मी.

माझं मधलं बोट करंगळीकडे झुकलंय ते तेव्हापासून. तुला आणि आजीला मी सांगितलं होतं की लोखंडी कपाटाच्या दारात सापडलं. नव्हतं सापडलं.

बाबा आले. पोहे गार होतील म्हणून मी लिहायची थांबले होते, आता दुपारी पुढे लिहितेय.

त्या डिसेंबरपासून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर माझा लाल आकडा सुरू झाला. निळ्या शाईत दूध, लाल शाईत मी. उठल्यापासून हात जितके मोकळे व्हायचे तितके होईपर्यंत किती मिनिटं गेली, एवढाच आकडा. पहिल्या महिन्यात बाबांनी दुधाचा हिशेब करताना माझी चाळीस मिनिटं चाळीस लिटरमध्ये धरली होती आणि दूधवाल्या भियाशी भांडायला निघाले होते. असो. तू फोनमध्ये लिहीत असशील, तरी चालेल, पण लिही. आठवणीवर जाऊ नकोस. दुखत नसताना दुखणं आठवत नाही, आणि दुखत असताना कधी बरं होतं हे आठवत नाही.

माझे चांगले दिवस पाच-दहाचे असतात. एखाद्या दिवशी चाळीस आले तर मी विचारसुद्धा करत नाही, आदल्या रात्री कुणाच्या तरी लग्नात तीन तास उभी असते. तीन दिवस सलग अर्ध्या तासाच्या वर गेले की मात्र कान टवकारते. तीन दिवस हा माझा आणि माझ्या डॉक्टरांचा ठरलेला हिशेब. तुझ्या डॉक्टरांकडून तुझा ठरवून घे.

नुसती मिनिटं पुरत नाहीत. मूठ वळून बघ. निरोगी मुठीवर बोटांच्या मुळाशी डोंगर आणि दऱ्या दिसतात. सूज आली की आधी दऱ्या भरतात. मग सांध्यावर अंगठ्याने दाब: भिजवलेल्या कणकेसारखं मऊ आणि दबल्यावर दुखणारं लागलं तर ती सूज. हाडासारखं टणक लागलं तर ती बहुधा जुनी झीज किंवा तुझी नेहमीची ठेवण. मी दोन-सहाची एक काचेची बांगडी देवघरात ठेवलीय. साबण न लावता चढली तर दिवस बरा. चढली नाही तर हात पुसायचा आणि लिहून ठेवायचं, जोर लावायचा नाही. एकदा लावला होता, तीन टाके पडले. तू बांगड्या घालत नाहीस, तर अंगठी बघ, बाटलीचं झाकण बघ, आणि मुख्य म्हणजे ॲक्टिवाचा ब्रेक बघ. ब्रेक चार बोटांनी पुरता दाबता येत नसेल त्या दिवशी गाडी काढू नकोस. तिथे आमवाताचा प्रश्न राहत नाही, समोरच्या माणसाचा असतो.

आणि थकवा. तो दोन दिवस आधी येतो, पाहुण्याच्या आधी त्याचं सामान यावं तसा. झोप झालेली असते आणि तरी दात घासून परत आडवं व्हावंसं वाटतं. मी पूर्वी त्याला आळस म्हणायचे.

साध्या दुखण्यात आणि आपल्या दुखण्यात फरक कसा करायचा, असं तू मागे विचारलं होतंस. साधं दुखणं कामाने वाढतं आणि बसल्यावर उतरतं. आपलं बसून राहिलं की वाढतं आणि हालचालीने सुटतं. मला ते इथल्या सानंद संस्थेच्या नाटकाला कळतं. मध्यंतरात सगळे वड्याकडे धावतात आणि मी खुर्चीचा हात धरून उभी असते, पाय सुटायची वाट बघत. ज्या दिवशी मीही वड्याच्या रांगेत असते त्या दिवशी सगळं ठीक समजायचं.

आता तुझ्या स्टेरॉइडचं. इथे एक गोंधळ होतो आणि तो भल्याभल्यांचा होतो. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज जेवढं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात, ते साधारण पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोलाचं असतं. बाहेरून महिनोन् महिने मिळत राहिलं की ग्रंथी हात बांधून बसतात. म्हणून पाचाच्या खाली उतरताना पायऱ्या लहान हव्यात, त्यांना पुन्हा कामाला लागायला वेळ हवा. या काळात अंग मोडून येतं, मांड्या दुखतात, रडू येतं, काही करावंसं वाटत नाही. माणूस म्हणतो, आलंच परत. पण सांधे सुजलेले नसतात, दऱ्या जागेवर असतात, आणि एकेका पायरीनंतर ते बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत निवळतं. त्याला दुखण्याची उचल समजून डोस वाढवला तर उतरणं कधी व्हायचंच नाही. उलट, उचल खरी असताना "उतरतेय म्हणून होतंय" असं म्हणत बसलं तर माझं झालं तसं होतं. म्हणून बोटांच्या दऱ्यांकडे बघ म्हणते.

एवढ्यात मात्र वाट बघायची नाही: उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, सारख्या उलट्या, गळून जाणं. स्टेरॉइड उतरवत असताना असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. तापात किंवा उलट्यांत प्रेडनिसोलोन आपल्या मनाने बंद करायचं नाही, उलट अशा वेळी ते जास्त लागतं. जावईबुवांनाही हे वाचायला दे. आणि एकच सांधा लालबुंद, तापलेला, सोबत ताप, असं असेल तर ती उचल समजायचीच नाही, आत संसर्ग असू शकतो. तेही त्याच दिवशी. पावसाळ्यानंतर चिकनगुनियाही हुबेहूब आपल्यासारखंच सोंग घेतो, तेव्हा तापाचं सांगायला विसरायचं नाही.

रिपोर्टचं म्हणशील. सी.आर.पी. ही सूज दाखवणारी रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणून सुजलेलं बोट खोटं ठरत नाही. ई.एस.आर. ही तशीच दुसरी तपासणी, तो तर रक्त कमी असलं तरी वाढतो, वयाने वाढतो, गरोदरपणातही वाढतो. रिपोर्ट हवाच, पण हात डॉक्टरांच्या हातात द्यायला हवा.

आणि उचल आली म्हणजे आपलं काही चुकलं, हे डोक्यातून काढ. नॉर्वेत एक अभ्यास झाला होता, २०२१ साली छापून आला. ज्यांचं दुखणं चांगलं वर्षभर शांत होतं अशाच लोकांत काहींची औषधं निम्मी केली, काहींची तशीच ठेवली. वर्षभरात निम्मी केलेल्यांपैकी शंभरात पंचवीस जणांनी उचल पाहिली, तशीच ठेवलेल्यांत सहा जणांनी. म्हणजे सगळं शहाण्यासारखं करूनही चारात एकाची पाळी येते. तुझं तर निम्मं नाही, आख्खं बंद केलंय, आणि सल्फासॅलॅझिनलाही पुरता गुण द्यायला दोन-तीन महिने लागतात. जुन्याचा असर ओसरतोय, नव्याचा अजून चढायचाय, वरून स्टेरॉइड उतरतंय. या फटीत उचल नाही यायची तर कधी येणार?

तुझ्या मनात काय चाललंय ते मला कळतं. मला ही १९३८ च्या सुमारची गोष्ट फार आवडते, वर्गातही सांगायचे. अमेरिकेत फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. त्यांनी बघितलं की आमवाताच्या बायकांना गरोदरपणात उतार पडतो. काविळीतही पडतो. त्यांना वाटलं, शरीरात असं काहीतरी तयार होतंय जे हे विझवतं. त्या शोधात १९४८ च्या सप्टेंबरात त्यांनी एकोणतीस वर्षांच्या एका बाईला कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिलं. अंथरुणाला खिळलेली ती बाई आठवड्याच्या आत चालत बाजारात गेली. १९५० ला नोबेल मिळालं. त्यानंतर हळूहळू कळलं की जास्त डोस बरेच दिवस दिला की काय काय होतं, आणि थांबवला की दुखणं परत येतं. आपण दोघी ज्या पायऱ्या उतरतोय त्या तिथून सुरू होतात.

तर तू हिशेब असा मांडला असशील: एकदा दिवस राहिले की आपोआप उतार पडेल, तोवर दात-ओठ खाऊन काढायचं. निम्म्याच्या आसपास बायकांना उतार पडतो, हे खरं. बाकीच्यांना पडत नाही. आणि दुखणं पेटलेलं असताना दिवस राहायलाच वेळ लागतो. राहिले तर बाळ वेळेआधी येण्याची, वजनाने कमी असण्याची भीती वाढते. म्हणूनच डॉक्टर काही महिने शांत जाऊ द्या म्हणतात. तू उचल लपवून जे सहा महिने वाचवायला बघतेयस, तेच त्यात जातील.

आणि त्यांच्याकडे "थांबा" हा एकच शब्द नाही. सल्फासॅलॅझिनचा डोस वाढवता येतो, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गरोदरपणातही चालतं, स्टेरॉइड एक-दोन पायऱ्या वर नेऊन परत उतरवता येतं, एखाद्या सांध्यात इंजेक्शन देता येतं. सर्टोलिझुमॅबसारखी इंजेक्शनं आहेत जी वारेतून बाळाकडे जवळजवळ जात नाहीत. महाग आहेत. पैशाचं मी बाबांशी बोललेय, त्यावर तू बोलू नकोस.

एक गोष्ट मात्र आईच्या नात्याने दटावून सांगते. घरात मेथोट्रेक्सेटची उरलेली पट्टी असेल तर ती आजच केमिस्टला परत दे. रात्री दोन वाजता बोटं ठणकत असताना माणूस कशालाही हात घालतो. ते बाळाला घातक आहे, आणि एक डोस घेतलास तरी थांबायचे तीन महिने पुन्हा पहिल्यापासून. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनही मनाने नको, या दिवसांत ती बीज सुटण्यात आडवी येऊ शकतात. पॅरासिटामॉल किती आणि किती दिवस हे विचारून घे.

बाकी तू जाणतेसच. सकाळी कोमट पाण्यात हात, गरम लागणाऱ्या सुजेवर मात्र गार. सांध्याला विसावा, अंगाला नाही. बोटं दिवसातून दोनदा हलक्या हाताने पूर्ण उघडायची-मिटायची. बादली कोपरात अडकवायची. आणि बरं वाटलं त्या दिवशी आख्खं घर झाडून काढायचं नाही. हा रोग तुला माझ्याकडून आला असेल-नसेल, झाडायचा रोग नक्की माझ्याकडून आला.

२०२० चं तुला आठवतंय? लॉकडाउनमध्ये कोरोनाच्या नावाने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर उड्या पडल्या, सरकारने विक्रीवर निर्बंध आणले, आणि माझी अकरा गोळ्यांची पट्टी उरली होती. मी दिवसाआड घेत पुरवल्या. ते औषध अंगातून निघायलाच महिने लागतात, त्यामुळे मार्च-एप्रिल काही कळलं नाही. जूनमध्ये आकडे चढले: पंधरा, पस्तीस, पन्नास, पन्नास. चौथ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांना फोन केला. तोवर गोळ्याही मिळायला लागल्या होत्या. तीन आठवड्यांत आकडा दहावर आला. ते पान मी फाडून ठेवलंय, २०१४ च्या एक्स-रेच्याच पाकिटात आहे. येताना दोन्ही आणते, बघ.

हो, येतेय. शुक्रवारच्या पुण्याच्या गाडीचं तिकीट बाबांनी काढलंय, वेटिंग तीन आहे, होईल. पत्र मिळालं की लगेच तू डॉक्टरांना फोन करून वेळ घे. मी यायच्या आधीची मिळाली तर आधीची घे, माझ्यासाठी थांबू नकोस. मी आत केबिनमध्ये येणार नाही, बाहेर बसेन. जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून ने: मिनिटं कोणत्या तारखेपासून वाढली, कोणते सांधे, कोणत्या पायरीनंतर. आणि येताना त्यांच्याकडूनच लिहून आण, की पुढच्या वेळी असं झालं तर कोणाला फोन, कोणती गोळी, किती दिवस. तो कागद फ्रीजवर लाव. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत हमखास लागतो, तेव्हा तर मी तिथेच असेन.

जीरावन आणि लवंगी शेव बांधलीय. गराडू इथे सुरू झालेत, पण ते गाडीत चांगले राहत नाहीत. गराडू खायला तुलाच यावं लागेल. बरणीचं झाकण उघडायचं ते रबरी साधन माझ्याकडे दोन आहेत, एक तुझ्यासाठी.

मला मात्र फोन करू नकोस. खिडकीपाशी उभी राहून मुठीचा फोटो काढ आणि पाठव. दोन्ही हातांचा. नुसता उजव्याचा पाठवशील, मी ओळखते तुला.

तुझी,
आई